वॉटर्लू पाठ, आडगाव कोरं

रविवारी सकाळी तर्री-पोहे बांधून घेऊन भाचा घरी येतो आणि पोहे संपेपर्यंत मी त्याची उजळणी घ्यायची, असा आमचा शिरस्ता आहे. तो नागपुरातल्या रेशीमबागेजवळच्या एका अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून बसतो, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्याच्या प्रश्नसंचात जागतिक इतिहासातल्या महत्त्वाच्या व्यक्ती, स्थळं आणि घटना यांचं एक जाडजूड प्रकरण आहे. वॉटर्लूची लढाई? १८ जून १८१५. हरला कोण? नेपोलियन. जिंकला? ड्यूक ऑफ वेलिंग्टन. बास्तीयचा पाडाव? १४ जुलै १७८९. अमेरिकेचं यादवी युद्ध? १८६१ ते १८६५, लिंकन, गुलामगिरी. पोरगं हुशार आहे, एकही चुकत नाही.

परवा मी सहज विचारलं, हा वेलिंग्टन वॉटर्लूच्या आधी काय करत होता?

“पेपरात येते का हे, मामा?”

येत नाही. आणि माझं भांडण तिथूनच सुरू होतं.

वॉटर्लूच्या बारा वर्षं आधी हा गृहस्थ आपल्या विदर्भात होता. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता, ड्यूक व्हायचा होता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या आडगावला त्याने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले यांना ओडिशातला कटकचा प्रांत इंग्रजांना द्यावा लागला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा मुलूखही सोडावा लागला. नागपूरच्या राज्याला एक समुद्रकिनारा होता, हेच आज कुणाला सांगितलं तर तो हसतो. तो किनारा त्या तहात गेला. माझा भाचा गेल्या पावसाळ्यात मित्रांबरोबर गाडीने चिखलदऱ्याला गेला, भुट्टा खाल्ला, गाविलगडाच्या दरवाजात उभं राहून फोटो काढले. वॉटर्लू त्याने पाहिलेलं नाही, पाहण्याची शक्यताही कमी, पण त्याची तारीख त्याला झोपेत विचारा.

यात त्याचा दोष नाही. आपण जगाचा इतिहास ज्या पद्धतीने शिकवतो आणि विचारतो, त्या पद्धतीचा हा दोष आहे. नाव, गाव, साल; चार पर्याय; एक बरोबर. दहावीनंतर विज्ञान शाखेला गेलेल्या मुलाचा इतिहासाशी संबंध तुटतो. तो पुन्हा जुळतो पंचविशीच्या आसपास, अभ्यासिकेत, आणि तोही एका ओळीच्या उत्तरांच्या रूपात. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून मुख्य परीक्षेच्या अभ्यासक्रमात अठराव्या शतकापासूनचा जगाचा इतिहास आणला. औद्योगिक क्रांती, महायुद्धं, वसाहतवाद, निर्वसाहतीकरण असे चांगले, भरघोस विषय. तिथे उत्तर लिहावं लागतं, खूण करून भागत नाही. पण बाजारात त्याच्याही नोट्स लगेच आल्या, आणि त्या नोट्समध्ये ‘कारणे’ या मथळ्याखाली सहा मुद्दे असतात, ‘परिणाम’ या मथळ्याखाली आठ. कारणंही पाठच करायची.

माझं म्हणणं एवढंच आहे की जगाचा इतिहास शिकवायला सुरुवात मुलाच्या पायाखालच्या जमिनीपासून करावी. ‘आपलं नागपूर किती थोर’ असं सांगायला नव्हे. त्या आजाराकडे पुढे येतोच. पायाखालच्या जमिनीपासून यासाठी, की कारण आणि परिणाम यांची साखळी मुलाला फक्त तिथेच हाताने धरून बघता येते. बाकी सगळीकडे ती सांगोवांगीची असते.

हिंगणघाटचं उदाहरण घेऊ. वर्धा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव नागपूरकरांना चंद्रपूरच्या वाटेवर लागतं म्हणून माहीत. तिथे विल्यम लॅम्ब्टन नावाच्या माणसाची कबर आहे. तो २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरकडे येत असताना, तिथे वारला. कोण होता हा? १८०२ मध्ये मद्रासजवळ जमिनीवर साखळी टाकून त्याने मोजणी सुरू केली आणि त्रिकोणामागून त्रिकोण रचत हिंदुस्थानच्या कण्यावरून वर सरकत राहिला. हाच तो महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ. त्याच्या मागून त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट याने ते काम पुढे नेलं, आणि जगातल्या सर्वांत उंच शिखराला नाव मिळालं ते या साहाय्यकाचं. प्रश्नसंचात एव्हरेस्ट आहे. लॅम्ब्टन नाही.

पण मला लॅम्ब्टनच्या बाबतीत खरी गंमत वाटते ती त्याच्या तरुणपणाची. तो इंग्रजांच्या ३३व्या पलटणीतला कोवळा अधिकारी म्हणून अमेरिकेत लढायला गेला होता आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला कैद झाला. यॉर्कटाउन म्हणजे ज्या शरणागतीनंतर अमेरिकेचं स्वातंत्र्य जवळजवळ निश्चित झालं ते ठिकाण. शरण जाणारा सेनापती कॉर्नवॉलिस. तोच पुढे पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला आणि बंगालमध्ये कायमधारा पद्धत आणली. आणि ही ३३वी पलटण पुढे हिंदुस्थानात आली तेव्हा तिचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली. म्हणजे एक साम्राज्य पश्चिमेला हरतं आणि तीच माणसं, त्याच पलटणी घेऊन पूर्वेला वळतं. ‘अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध : परिणाम’ या मथळ्याखाली हा मुद्दा मी अजून कुठल्याही नोट्समध्ये वाचलेला नाही. हिंगणघाटच्या शाळेतल्या मुलाला तो दाखवायला मात्र वर्गाबाहेर पडून थोडं चालावं लागेल, इतकंच.

आता कापूस. हा विषय विदर्भात काढला की लोक लगेच भाव विचारतात, आणि ते बरोबरच आहे.

१८५३ हे साल घ्या. मे महिन्यात निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. ११ डिसेंबरला तिसरे रघूजी भोसले वारले, औरस वारस नव्हता, आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. ‘खालसा धोरण’ हा शब्द आपल्या मुलांना पाठ असतो; सातारा, झाशी, नागपूर अशी यादीही पाठ असते. पण डलहौसीने जानेवारी १८५४ मध्ये जे टिपण लिहिलं, त्यात वारसाच्या वादाबरोबर कापसाचाही विचार आहे. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा कापूस बहुतांश अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या श्रमातून यायचा, आणि एकाच दुकानावर एवढं अवलंबून राहणं मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना धोक्याचं वाटत होतं. नागपूर आणि वऱ्हाडची काळी जमीन हा त्यावरचा एक उतारा होता. राजवाड्यातले दागदागिने लिलावात गेले ही हकिकत नागपुरात अजून हळहळून सांगितली जाते. जमीन का गेली, याबद्दल मात्र कुणी फारसं हळहळत नाही.

मँचेस्टरची भीती खरी ठरायला सात-आठ वर्षं लागली. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि लँकाशरच्या गिरण्या कापसाविना बंद पडू लागल्या. मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. हिंगणघाटचा कापूस तेव्हा त्याच नावाने बाजारात ओळखला जायचा. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा गेला, आणि मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी एक खास कापूस आयुक्त नेमला गेला, रिव्हेट-कारनॅक. (याच साहेबाला नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं उकरायचाही नाद होता. कापसाच्या गाठी आणि अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या कबरी, दोन्हींची सारख्याच आस्थेने नोंद.) पण तोवर अमेरिकेतलं युद्ध संपून गेलं होतं. १८६५ मध्ये भाव कोसळले, मुंबईतल्या शेअरच्या फुग्याला टाचणी लागली, आणि प्रेमचंद रायचंदसारखे शेअरबाजाराचे राजे रस्त्यावर आले. दख्खनेत कर्जात रुतलेल्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सावकारांच्या वह्या जाळल्या. त्या कर्जामागची कारणं अनेक, पण तेजी आणि पडझड हे त्यातलं मोठं कारण होतं.

मुंबईत बुडालेल्यांत एक पारशी घराणंही होतं. त्यातला तरुण मुलगा ऐन पडझडीत लंडनमध्ये कापसाचा व्यवहार बघायला गेलेला, आणि हातातल्या कागदांची किंमत शून्य झालेली. तो जमशेटजी टाटा. घर पुन्हा उभं राहिलं ते एका भलत्याच युद्धामुळे. १८६८ मध्ये इथिओपियाच्या सम्राट टेओड्रोसवर इंग्रजांनी मुंबईहून फौज पाठवली, आणि तिला रसद पुरवण्याच्या कंत्राटात जमशेटजींच्या वडिलांचा वाटा होता. टेओड्रोसने मॅग्डालाच्या गडावर स्वतःवर गोळी झाडून घेतली. टाटांच्या हाती भांडवल आलं. आधी मुंबईत एक गिरणी, मग नागपूर. सगळे मुंबईत गिरण्या काढत असताना जमशेटजींनी नागपूर निवडलं, कारण इथे कापूस जवळ, रेल्वे दारात आणि वरोऱ्याचा कोळसा हाताशी. जुम्मा तलावाजवळच्या दलदलीच्या जागेवर भराव घालून गिरणी उभी राहिली आणि १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस.

जुम्मा तलाव म्हणजे आपला शुक्रवारी तलाव, म्हणजे आताचा गांधीसागर. तीन नावांतच तीन राजवटी आहेत. गिरणी २००२ मध्ये कायमची बंद झाली, आता तिथे मॉल आहे. माझ्या पिढीला भोंगा आठवतो, भाच्याला फूड कोर्ट. माझी तक्रार मॉलबद्दल नाही. बंद गिरणीचं काही तरी व्हायचंच होतं. पण अमेरिकेची नाकेबंदी, मुंबईचा फुगा, इथिओपियाचा गड आणि लंडनची राणी, हे चौघे जिथे एकमेकांना भेटले त्या जागी पोरं पॉपकॉर्न घेऊन सिनेमाची वाट बघत उभी असतात. वर्गात त्यांना ‘यादवी युद्ध, १८६१ ते १८६५’ एवढंच सांगितलेलं असतं. शिकवणाऱ्याने एक दुपार त्यांना तिथे नेलं असतं तर?

यवतमाळच्या शेतकऱ्याला हे सगळं शिकवायची गरज नाही, तो ते जगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क स्थगित केलं. अमेरिकेने आपल्या मालावर जबर आयात कर लावल्यानंतरच्या दिवसांत हे झालं, आणि कापड उद्योगाला त्यातून दिलासा हवा होता. विदर्भात पऱ्हाटी उभी होती. बोंड फुटायच्या आत भावाची काळजी सुरू झाली. १८६५ आणि २०२५ या दोन सालांमध्ये १६० वर्षं आहेत, पण जिनिंगच्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या माणसाचा प्रश्न तोच: माझ्या गाठीचा भाव ठरवणारा माणूस बसतो कुठे? जगाच्या इतिहासाचा याहून चांगला पहिला प्रश्न मला सुचत नाही.

आता दुसऱ्या बाजूने. जगाच्या इतिहासाच्या पुस्तकात १९५६ साल उघडा. २३ ऑक्टोबरला बुडापेस्टमध्ये उठाव, २९ ऑक्टोबरला इस्रायलचा सिनाईवर हल्ला आणि मग सुएझ कालव्यावरून युद्ध, ४ नोव्हेंबरला हंगेरीत रशियाचे रणगाडे. या सगळ्याच्या आधी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात लाखो माणसांनी पांढरी वस्त्रं नेसून एका दिवसात धर्म बदलला. कुणी तलवार दाखवली नव्हती, कुणी धान्याचं आमिष दिलं नव्हतं. उलट बऱ्याच जणांनी यायला घरातलं काही विकलं होतं. महाराज, सरदार किंवा धर्मगुरूच्या हुकुमावरून प्रजेने धर्म बदलल्याची उदाहरणं जगात ढिगाने आहेत. खालच्या थरातल्या माणसांनी, आपल्या नेत्याचं म्हणणं वीस वर्षं ऐकून, वाद घालून, विचार करून असं पाऊल उचलल्याचं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही. तरीही बहुतेक पुस्तकांच्या १९५६ मध्ये सुएझ असतं आणि दीक्षाभूमी नसते. ती असते ‘भारतीय समाजसुधारणा’ या वेगळ्या कप्प्यात.

तो कप्पाच चुकीचा आहे. डॉ. आंबेडकरांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातले. त्या वर्षी बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची अडीच हजार वर्षं थेरवादी देशांत साजरी होत होती, रंगूनला सहावी धम्मसंगीती नुकतीच भरली होती. दीक्षेनंतर महिनाभराने बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत गेले आणि बोलले ते बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर. बुडापेस्टच्या रस्त्यांवर रणगाडे फिरून दोन-तीन आठवडेच झाले होते. समता आणायची तर ती बळाने टिकते की मन वळवून, हा प्रश्न त्या महिन्यात साऱ्या जगापुढे होता, आणि त्यावरचं एक उत्तर नागपुरातून गेलेलं होतं. ६ डिसेंबरला ते गेले. जागा नागपूरच का, याचं कारण त्यांनी स्वतः १५ ऑक्टोबरच्या भाषणात दिलं होतं: बौद्ध धम्माचा प्रसार करणारे नाग लोक इथले, नाग नदीच्या आसपासचे. आणि ज्यांनी ते ऐकलं त्यांतले कितीतरी जण गिरणीत रोख पगार घेणाऱ्या घरांतले होते. म्हणजे वरची कापसाची साखळी इथेही येऊन पोचते.

दीक्षेनंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचना झाली आणि नागपूर राजधानीचं शहर राहिलं नाही. नागपूरकराच्या बोलण्यात ही जखम वारंवार येते. मला विचाराल तर त्या महिन्यात या शहराने गमावलं त्याहून कितीतरी जास्त कमावलं, पण हे सीताबर्डीच्या बाजारात मोठ्याने बोलू नये.

मघाशी एका आजाराचा उल्लेख केला होता. पायाखालच्या जमिनीपासून सुरुवात करा म्हटलं की दुसऱ्याच दिवशी ‘जगाचं केंद्र आमचं गाव’ सुरू होतं. झिरो माइलचं बघा. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आपण तिथे नेतो आणि हा भारताचा मध्यबिंदू असं सांगतो. तो खांब त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, १९०७ चा, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची प्रमाण खूण म्हणून उभारलेला. त्या ठिकाणची उंची सुमारे १०२० फूट. शेजारी गावोगावची अंतरं कोरलेला दगड. देशाचा मध्य शोधण्याशी त्याचा संबंध नाही, आणि आजच्या भारताचा मध्य काढायला गेलात तर तो मध्य प्रदेशात कुठेतरी पडतो. खरी गोष्ट जास्त मोठी आहे: आपण कुठे आहोत हे समुद्रापासून मोजत आणणाऱ्या एका प्रचंड खटाटोपाची ती खूण आहे, लॅम्ब्टनच्या साखळीची नात. पण ‘मध्यबिंदू’ म्हटलं की छाती फुगते, ‘प्रमाण खूण’ म्हटलं की फुगत नाही.

तसंच सीताबर्डीच्या किल्ल्यात गांधीजींना १९२३ मध्ये कोंडल्याचं सांगतात. गांधीजींना मार्च १९२२ मध्ये अटक झाली, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि फेब्रुवारी १९२४ मध्ये सुटका होईपर्यंत ते येरवड्याचे कैदी होते. शेवटी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेही पुण्यात, ससूनमध्ये. मग मधेच नागपूरच्या किल्ल्यात कसे? वर्गातल्या मुलांना हे कोडं द्यावं, दोन तारखा फळ्यावर लिहाव्यात आणि गप्प बसावं. गांधी आणि नागपूर यांची पक्की नोंद हवी असेल तर डिसेंबर १९२०चं काँग्रेसचं अधिवेशन आहे: तिथे असहकारावर शिक्कामोर्तब झालं, भर मंडपात जिनांना ओरडून खाली बसवलं गेलं, आणि ते काँग्रेसपासून कायमचे दूर गेले. पुढच्या सत्तावीस वर्षांचा एक धागा त्या मंडपातून निघतो. तिथे मात्र आपण पाहुण्यांना नेत नाही.

एक शिक्षक मित्र म्हणतो, तुझं सगळं बरोबर, पण चाळीस मिनिटांचा तास, साठ मुलं आणि संपवायचा अभ्यासक्रम; शिवाय जपानची मेजी क्रांती कुठून आणू नागपुरात? त्याचं म्हणणं अर्धं मान्य. मेजी क्रांती नागपुरातून गेली नाही, ओढूनताणून नेऊही नये. पण ज्या मुलाने एकदा कापसाची साखळी स्वतः उलगडली, तो मेजीच्या तारखेपाशी थांबणार नाही. आधी काय झालं आणि कुणाच्या खिशातून गेलं, हे विचारेल. राहिलं वेळेचं. वर्षात एक धडा कमी करा आणि त्याच्या जागी गावातली एकच वस्तू द्या: एक गिरणी, एक कबर, एक खांब. आणि परीक्षेत त्यावर एक प्रश्न, पर्यायांशिवाय. शाळेचं वेळापत्रक मास्तर बदलत नाहीत, परीक्षा बदलते.

मी भाच्याला तसा एक प्रश्न काढून दिला. ‘१८६१ साली अमेरिकेच्या किनाऱ्यावर झालेल्या नाकेबंदीमुळे हिंगणघाटच्या शेतकऱ्याचं पुढच्या दहा वर्षांत काय झालं असेल? गुण आठ.’

तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. पोहे गार झाले.

“पहिले तीन-चार वर्षं मजा,” तो म्हणाला, “मग... मामा, त्यानं त्या पैशांत जमीन घेतली असंन का बैल? त्याच्यावर आहे ना सगळं.”